मदत हवी आहे: जुन्या परळ मतदारसंघाची हद्द

नमस्कार मंडळी. परळ विधानसभा मतदारसंघाचा १९७० च्या सुमाराचा नकाशा कुणाकडे आहे का? त्या वर्षी जूनमध्ये आमदार कॉम्रेड कृष्णा देसाईंचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी उभ्या राहिल्या, पण वामनराव महाडिक जिंकले, शिवसेनेचे पहिले आमदार. गिरणगावाचं राजकारण तिथूनच फिरलं, असं मला मनापासून वाटतं. २००८ च्या पुनर्रचनेत तर परळ हे नावच मतदारसंघांच्या यादीतून गेलं.

आजोबांच्या ट्रंकेत गिरणीच्या पासाला टाचणीने लावलेली मतदार-चिठ्ठी सापडली. पत्ता काळाचौकीच्या चाळीचा, मतदारसंघाचं नाव नेमकं घडीवर विरलंय. काळाचौकी तेव्हा परळमध्ये होती का? हद्द कोणत्या रस्त्याने जायची? जुन्या मतदारयाद्या कुठे बघायला मिळतील? त्या वेळी तिथे मतदान केलेलं कुणी घरात असेल, तर कृपया विचारून सांगा.