राऊटरवर पोर्ट फॉरवर्ड केलाय पण बाहेरनं पीएलसी दिसंना

शिरोलीवाला: शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीतल्या पीएलसीला (मशीन चालवणाऱ्या कंट्रोलरला) सिमवाला राऊटर लावलाय, बाहेरचा ५०२ पोर्ट आतल्या १९२.१६८.१.१० ला दिलाय, शेडमधल्या लॅपटॉपवर मॉडबस (पीएलसीशी बोलायची भाषा) झकास चालतंय पण घरी राजारामपुरीतनं कनेक्टच होईना. काय राहिलंय?

कागल_पॅनेल: भावा आधी राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (सिमकडनं राऊटरला मिळालेला पत्ता) बघ. १०. नं सुरू होतोय किंवा १००.६४ ते १००.१२७ मधला असला तर तू सिम कंपनीच्या नॅटमागं (एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच गिऱ्हाइकांत वाटलेला) आहेस, मग कितीबी फॉरवर्ड कर, बाहेरची रिक्वेस्ट तुझ्या राऊटरपर्यंत येतच नाही.

गोशिमा_रोड: पीएलसीत गेटवे (बाहेर जायच्या वाटेचा पत्ता) राऊटरचाच टाकलाय न्हवं? रिकामा असला तर उत्तर परत जात नाही. शेडमधनं चालतंय कारण तिथं गेटवे लागतच नाही.

शिरोलीवाला: गेटवे बरोबर हाय. आयपी १००.८१ नं सुरू होतोय ओ! पब्लिक आयपीचं (बाहेरनं थेट गाठता येणाऱ्या पत्त्याचं) सिम घेऊ?

कागल_पॅनेल: घेतलंस तरी ५०२ उघडा सोडू नको, साध्या मॉडबसला पासवर्डच नसतोय, कुणीबी येऊन पीएलसीच्या रजिस्टरमधले आकडे बदलंल, भट्टी चालू असताना कसं परवडंल राव. त्यापेक्षा राऊटरमधनंच ओपनव्हीपीएन (बंदिस्त बोगद्यासारखं कनेक्शन) बाहेर जोड, ते आतनं बाहेर जातंय म्हणून नॅट आडवं येत नाही. फक्त दुसऱ्या टोकाला पब्लिक आयपी पायजे, छोटा क्लाउड सर्व्हर चालतोय.