ट्रॅक लोडरला ऑगर (खड्डे पाडायचं गिरमिट) घ्यायचाय, जुळणी कशी बघू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. राजापूर भागात आंबा-काजूच्या बागांची कामं घेतो. नुकताच रबरी पट्ट्यांचा छोटा ट्रॅक लोडर सेकंडहँड घेतला. सोबत फक्त बकेट आलंय. मशीनच्या माहितीपट्टीवर हायड्रॉलिक फ्लो (तेलाचा प्रवाह) मिनिटाला 75 लिटर आणि दाब 210 बार लिहिलाय. हाय-फ्लो (जास्त प्रवाहाची सोय) नाही.

मुख्य काम खड्ड्यांचं. आंब्याच्या कलमाला मीटरभर लांब, रुंद, खोल खड्डा लागतो, आणि आमच्याकडे वर वीतभर माती, खाली नुसता जांभा. विक्रेता म्हणतो, कपलर (अवजार अडकवायची प्लेट) युनिव्हर्सल आहे, कुठलाही ऑगर घ्या. मला हे पटत नाही. प्लेट बसली म्हणजे मोटर चालेलच असं थोडंच आहे? फ्लो कमी पडला की फेरे कमी होतात, दाब कमी पडला की दात जांभ्यात रुतून ऑगर जागीच थांबतो. शिवाय काही मोटरना केस ड्रेनची (मोटरच्या आत झिरपलेलं तेल टाकीत परत नेणारी) तिसरी नळी लागते, ती न जोडता चालवलं तर शाफ्टचं सील जातं. माझ्या मशीनला ती लाइन दिसत नाही.

जांभ्यात एवढ्या फ्लोवर ऑगर कुणी चालवलाय का? किती व्यासाचा? की आधी ब्रेकर मारून मग बकेटनेच माती काढणं बरं?

केस ड्रेनची लाइन थेट टाकीपर्यंत नंतर टाकून घेता येते का? कुणी करून घेतली असेल तर फोटो टाका.

पुढे करवंदीच्या जाळ्या काढायला मल्चरही (झुडपांचा भुगा करणारं अवजार) हवाय. तो स्टँडर्ड फ्लोवर नीट चालतो का? वजनाचंही सांगा, कारण ट्रॅक लोडरची उचल क्षमता टिपिंग लोडच्या (ज्या वजनाला मशीन पुढे कलंडतं त्याच्या) 35 टक्केच धरतात. पावसाआधी खड्डे उरकायचेत.