आयर्लंड व ब्रिटन : ‘प्रतिनिधी’ ते ‘राजदूत’
आयर्लंड १९२२ साली वेगळा होताच ब्रिटनने डब्लिनमध्ये राजदूत नेमला, असे म्हटले जाते. ते दुरुस्त करायला हवे. लंडनमध्ये आयर्लंडचे उच्चायुक्त (राष्ट्रकुलातील देश एकमेकांकडे राजदूताऐवजी नेमतात तो अधिकारी) १९२३ पासून होते आणि त्यांपैकी पहिले, जेम्स मॅकनील, हे भारतातील सनदी सेवेत राहिलेले गृहस्थ होते. डब्लिनला मात्र ब्रिटनचे सर जॉन मॅफी पोहोचले ते थेट १९३९ च्या सप्टेंबरात, महायुद्ध सुरू झाल्यावर. ‘उच्चायुक्त’ म्हटले तर आयर्लंड हे ब्रिटिश राष्ट्रकुलातले स्वायत्त राज्य (डोमिनियन) ठरते, म्हणून आयर्लंडचे पंतप्रधान डी व्हॅलेरा यांना ती पदवी मान्य नव्हती आणि ‘राजदूत’ म्हणायला लंडन राजी नव्हते; शेवटी नुसत्या ‘प्रतिनिधी’ या शब्दावर तडजोड झाली. माझ्या मते दोन्ही देशांमधला सारा अवघडलेपणा या एका शब्दात सामावला आहे.

१९४९ साली आयर्लंड राष्ट्रकुलातून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी सर गिल्बर्ट लेथवेट डब्लिनमधले ब्रिटनचे पहिले राजदूत झाले. जन्माने डब्लिनचेच असलेले लेथवेट पूर्वी व्हाइसरॉय लिनलिथगो यांचे खासगी सचिव होते, हे आपल्याकडच्या वाचकांनी आवर्जून लक्षात घ्यावे. डब्लिनच्या मेरियन स्क्वेअरमधला ब्रिटिश दूतावास २ फेब्रुवारी १९७२ रोजी, उत्तर आयर्लंडमधील डेरी शहरात ब्रिटिश सैनिकांनी निदर्शकांवर केलेल्या गोळीबारानंतर तिसऱ्या दिवशी, संतप्त जमावाने जाळला.