नागीण सुकली, पण आग थांबत नाही – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. सासूबाईंना दिवाळीच्या सुमारास उजव्या बरगडीवर नागीण उठली होती. वय सत्तरीपुढे. फोड कधीच सुकले, पण आग आणि मधूनच करंट लागल्यासारखी कळ अजून आहे. ब्लाउजचं कापड घासलं तरी कळवळतात. घरात काहींना वाटतं त्या बाऊ करतात.

डॉक्टर म्हणाले, कांजिण्यांचा विषाणू मणक्यालगतच्या संवेदी चेतापेशींत वर्षानुवर्षं दडून असतो. नागीण उठते तेव्हा त्या पेशींना इजा होते, त्यांचे सोडियम चॅनेल (संदेश सुरू करणारी पेशीवरची सूक्ष्म दारं) बदलतात आणि काही न लागताही त्या आपोआप संदेश सोडत राहतात. मज्जारज्जूही इतका हळवा होतो की साधा स्पर्शसुद्धा वेदना ठरतो. पॅरासिटामॉलने का भागलं नाही ते आत्ता कळलं!

प्रीगाबालिन (नसांच्या वेदनेवरचं औषध) चालू आहे, पण दिवसभर गुंगी आणि तोल जातो. डोसबद्दल डॉक्टरांशी बोलणारच आहोत. लिडोकेनचे पॅच (वेदना बधिर करणाऱ्या, त्वचेवर चिकटवायच्या पट्ट्या) कुणी वापरलेत का? घामाने निघतात का? पुण्यातल्या पेन क्लिनिकचा अनुभव असल्यास कळवा.

आणि कृपा करून नागिणीचं तोंड-शेपूट जुळण्याच्या गोष्टी नकोत, त्या सगळ्या ऐकून झाल्यात.