मदत हवी आहे: टच मोडमध्ये बोट फेडरवर असतानाच फेडर मागे उसळतो

माग_आणि_मृदंग

नमस्कार मंडळी. सोलापुरात भवानी पेठेत जुन्या घराच्या मागच्या खोलीत माझा छोटा स्टुडिओ आहे. भजनं, अभंग, अधूनमधून कन्नड वचनं. शेजारी यंत्रमाग, म्हणून गाणं ते थांबल्यावरच घ्यायचं. आठ मोटर फेडरांचा (आवाज कमीजास्त करणाऱ्या, मोटरीने आपोआपही सरकणाऱ्या दांड्यांचा) सेकंडहँड कंट्रोल सरफेस घेतलाय, म्हणजे कॉम्प्युटरवरचं मिक्सिंग हाताने चालवायचं उपकरण. रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला मॅकी कंट्रोल मोडमध्ये (अशा उपकरणांच्या ठरलेल्या संदेशपद्धतीने) जोडलाय.

प्ले, स्टॉप, रिवाइंड, जॉग व्हील, सगळं बरोबर चालतं. अडतंय ते ऑटोमेशन लिहिताना, म्हणजे फेडरच्या हालचाली गाण्यासोबत नोंदवताना. गायकाचा आवाज फेडरने वरखाली करत जायचं, तर टच मोडमध्ये (बोट असेल तोवरच लिहिणाऱ्या) चांगलं चाललेलं असताना अचानक मोटर हाताशी भांडते आणि फेडर जुन्या जागी पळतो. बोट वरच असतं हो! लॅच मोडमध्ये उसळत नाही, पण मग स्टॉप दाबेपर्यंत तीच पातळी पुढे लिहीत जातो आणि पुढच्या कडव्यावर केलेली मेहनत पुसली जाते. यूएसबी केबल बदलली, ड्रायव्हर पुन्हा टाकला. फरक नाही. फेडरची पट्टी खराब झाली असेल का?

आणखी एक. स्टॉप दाबला की कर्सर सुरुवात केलेल्या जागी परत जातो, तोही वैताग आहे.

(सरफेसच्या बॉडीला उलटा हात लावला की हलक्या मुंग्या येतात, पण या घरात फ्रिजलाही येतात.)

खर्जातला

माउसने पॉइंट टाका की राव. मी अख्खी आरती तशीच मिक्स केलीय.

माग_आणि_मृदंग

टाकतोच आहे सध्या. पण आलाप माउसने जमत नाही. कान आणि बोट एकदम चाललं पाहिजे.

डेसिबल_काका

पट्टीचं नंतर बघू. आधी सरफेस तुमचा स्पर्श ओळखतोय का ते तपासा. मॅकी कंट्रोलमध्ये सगळं मिडी संदेशांनी (वाद्यं-उपकरणांच्या डिजिटल भाषेत) जातं: फेडरची हालचाल पिच बेंड नावाच्या संदेशाने आणि स्पर्श वेगळ्या, क्रमांक असलेल्या नोटने: पहिल्या फेडरला १०४, आठव्याला १११, मास्टरला ११२. रीपर बंद करा, मिडी-ऑक्स (येणारे मिडी संदेश दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, फेडर न हलवता नुसतं बोट ठेवा. बोट आहे तोवर नोट चालू राहिली पाहिजे. मधेच बंद झाली, तर रीपरला वाटतं तुम्ही हात उचलला, आणि टच मोडमध्ये हात उचलला की फेडर आधी लिहिलेल्या पातळीच्या रेषेवर जाणारच. बिचारं सॉफ्टवेअर नियमानेच वागतंय.

आता तो कंस. तुम्ही महत्त्वाची गोष्ट तिथे टाकलीत! मुंग्या येतात म्हणजे अर्थिंग नाही किंवा तुटलंय. फेडरचा स्पर्श शरीराच्या कपॅसिटन्सवर (विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेवर) ओळखला जातो. उपकरणाला अर्थ नसेल तर ती ओळख डळमळते. फेडर राहू दे, पण त्याच जोडणीवर माइक असेल तर गायकाच्या ओठाला झटका बसू शकतो. स्वतः प्लग उघडू नका, वायरमन बोलवा.

माग_आणि_मृदंग

काका, नोट खरंच मधेच जाते! वायरमन लग्नाच्या मांडवांत अडकलाय, म्हणून जुळे सोलापूरला मित्राच्या नव्या फ्लॅटवर सगळं नेऊन लावलं. तिथे १०४ एकदाही तुटली नाही, आणि मुंग्याही नाहीत. म्हणजे पट्टी शाबूत. वायरमन येईपर्यंत इथलं रेकॉर्डिंग बंदच ठेवतो, मिक्सिंग मित्राकडे. तिथे ऑटोमेशन लिहिलंही नीट, पण नंतर नुसतं ऐकताना फेडर हलत नाहीत. आवाज मात्र वरखाली होतो. हे काय आता? आणि स्टॉपचं?

डेसिबल_काका

ट्रॅक ट्रिम/रीडवर असेल, रीपरमध्ये तोच मूळ मोड असतो. त्यात लिहिलेली रेषा लागू होते, पण फेडर त्यावर वरून कमीजास्त करायला मोकळा ठेवतात, म्हणून तो जागचा हलत नाही. लिहून झालं की ट्रॅक रीडवर टाका, मोटरी चालू लागतील. राइट मोडला मात्र हात लावू नका. प्ले होताच फेडर असेल तिथली पातळी लिहायला लागतो, गाणं सपाट.

स्टॉपचं म्हणाल तर रीपरची ती रीतच आहे: जिथून सुरू केलं तिथे परत. एकच ओळ पुन्हा पुन्हा बसवताना ते सोयीचं पडतं. आहे तिथेच थांबायचं तर पॉज वापरा. सरफेसवर पॉजचं बटण नसेल तर कीबोर्डवरून.

खर्जातला

काका, माझ्याकडे फ्रिज नाही, पण गीझरला मुंग्या येतात…

डेसिबल_काका

गीझर वापरणं आत्ताच बंद करा आणि तुम्हीही वायरमन बोलवा.