मदत हवी आहे: देवणी बैलाचा मिथेन कसा धरायचा?

औसा तालुक्यातल्या गुरांच्या रवंथातून निघणाऱ्या मिथेनचा अंदाज काढतोय. आधी २०१९ च्या पशुगणनेच्या आकड्यांना आयपीसीसीच्या (हवामान बदलावरची संयुक्त राष्ट्रांची समिती) २००६ च्या मार्गदर्शिकेतले भारतीय उपखंडाचे गुणक लावले: दुभती गाय वर्षाला ५८ किलो मिथेन, इतर गोवंश २७, म्हैस ५५. पण कडबा आणि सोयाबीनच्या भुसकटावर जगणारी देवणी, लाल कंधारी ही देशी गुरं आणि पेंड खाणारी संकरित गाय एकाच मापात बसवणं मला पटत नाही.

म्हणून त्याच मार्गदर्शिकेतली दुसऱ्या स्तराची (टियर २) पद्धत घेतली, म्हणजे ठरलेल्या गुणकाऐवजी जनावराचं वजन आणि चारा यांवरून हिशोब. वजन छातीच्या घेरावरून काढलंय, मिथेन रूपांतराचा दर (खाद्यातल्या एकूण ऊर्जेपैकी मिथेनमध्ये जाणारा वाटा) ६.५ टक्के धरलाय. अडलंय पचनीयतेवर, म्हणजे चाऱ्यातला किती भाग पचतो यावर. चारा प्रयोगशाळेत तपासायला पैसे नाहीत, छापील आकडाच लागेल.

ज्वारीच्या कडब्याची पचनीयता किती टक्के धरावी, आणि उन्हाळ्यातल्या जुन्या कडब्यासाठी ती वेगळी घ्यावी का?