आयपीएलच्या आधी डम्प घ्या
आयबीएम मेनफ्रेमवर झेड/व्हीएम (एका यंत्रावर अनेक आभासी यंत्रं चालवणारी प्रणाली) असते. तिच्यातला 'लिनक्स गेस्ट (लिनक्स चालवणारं आभासी यंत्र) अडकलाय तर सरळ आयपीएल (म्हणजे रीबूट) करा' असा सल्ला दिला जातो. करा, पण आधी मेमरीची प्रत, म्हणजे डम्प, काढून ठेवा, नाहीतर कारण शोधायला हाती काहीच उरणार नाही. झेड/व्हीएममध्ये त्या गेस्टच्या कन्सोलवर '#सीपी व्हीएमडम्प' ही आज्ञा दिली की डम्प स्पूलमार्गे (झेड/व्हीएमच्या तात्पुरत्या फाइल-साठ्यातून) त्याच्याच रीडरमध्ये (आलेल्या फाइल घेणाऱ्या आभासी उपकरणात) पडतो. डम्प होईतो गेस्ट थांबतो, मग पुढे चालू (अडकलेला असेल तर अडकलेलाच!). आयपीएलनंतर लिनक्स पुन्हा सुरू झाला की 'व्हीएमयूआर' या लिनक्स आज्ञेने डम्प रीडरमधून रिसीव्ह करताना कन्व्हर्टचा पर्याय लावा, म्हणजे फाइल 'क्रॅश' या डम्प तपासायच्या साधनात उघडते. स्पूलमध्ये जागा आहे ना, तेवढं आधी बघा. मेमरी अवाढव्य असेल तर मात्र या वाटेला जाऊ नका, फारच रेंगाळतं. तिथे 'झिपल' (लिनक्सचं बूट-साधन) वापरून आधीच तयार ठेवलेल्या डासडीवरून (मेनफ्रेमच्या डिस्कवरून) स्टँडअलोन डम्प, म्हणजे त्या डिस्कवरून बूट करून घेतलेला डम्प, बरा.